एकाच पेनवाल्याला धरून राहावं का?

दौत-लेखणी

शाईच्या पेनांचा नाद असलेल्या बहुतेकांचा एक ठरलेला विक्रेता असतो. एकट्यादुकट्याने चालवलेलं छोटं ऑनलाइन दुकान, ईमेलला मालक स्वतः उत्तर देणार, पार्सलवर पत्ता हाताने लिहिलेला. तेच पेन मोठ्या संकेतस्थळावर स्वस्त मिळतं, लवकर येतं, तरी आपण इथूनच घेतो. माझा एक मित्र याला सरळ भाबडेपणा म्हणतो. पेन कारखान्यात बनतं, दुकानदार खोकं पुढे सरकवतो, मग जादा पैसे कशाचे, हा त्याचा सवाल.

मी त्याला निबेकडे बघायला सांगतो. आज जे ब्रँड पेनं विकतात, त्यांतले बरेच स्वतः निब बनवतच नाहीत. हायडेलबर्गची बॉक किंवा बर्लिनची योवो या जर्मन कंपन्यांकडून घेतात, वर आपला शिक्का असतो इतकंच. यंत्रातून आलेल्या निबेत बारीकसारीक खोट राहते. एक पाकळी (चिरेने निबेचे जे दोन भाग होतात त्यांतला एक) केसभर वर, चीर टोकाशी गच्च मिटलेली, नाहीतर टोकाला पॉलिश इतकं जास्त की चिरेच्या आतल्या कडा गोल होऊन गेलेल्या. या शेवटच्या दोषाला पेनवाले 'बेबीज बॉटम' म्हणतात. अशी निब हाताला फार छान लागते, पण गुळगुळीत कागदावर शब्दाचा पहिला फराटा उमटतच नाही, कारण शाई चिरेत वरच अडून राहते. दहापट भिंगाखाली हे दिसतं, नुसत्या डोळ्यांना नाही.

गोदामातला माणूस भिंग घेऊन बसत नाही. चांगला छोटा विक्रेता बसतो. निब शाईत बुडवून दोन ओळी लिहितो, पाकळी वर असेल तर नखाने दाबून सारखी करतो, चीर गच्च असेल तर पितळेचा पातळ पत्रा फिरवतो, निब धुतो आणि मग पाठवतो. माझे जादा पैसे या कामाचे. हे काम त्याने करत राहावं म्हणून दर वेळी भाव शोधत न बसता मी त्याच्याकडेच जातो. तुमचं काय?

हिशेबनीस

भिंग, पत्रा, दोन ओळी, सगळं मान्य. मग त्याचे पैसे वेगळे लावा ना! काही दुकानं लावतातही: निब जुळवून हवी असेल तर खूण करा, शुल्क अमुक. तो व्यवहार मला आवडतो, काय दिलं आणि काय घेतलं ते कळतं. तुमच्या पद्धतीत काम दिसत नाही, दर दिसत नाही, आणि वर भाव बघायचा नाही.

बरं, शाईची बाटलीही त्याच्याकडूनच घ्यायची का? बाटलीला कुठलं भिंग लावतो तो? सीलबंद ५० मिलीची बाटली कुठूनही आली तरी आत तीच शाई. पेन त्याच्याकडून, शाई स्वस्त तिथून. यात बेइमानी कसली?

कोरा कागद

+१. मी तर सल्ला छोट्याकडून घेतो आणि पेनसुद्धा स्वस्त तिथून घेतो. रागवा खुशाल.

तिरकी_निब

@कोरा कागद, रागवत नाही, पण होतं काय ते बघा. तुम्ही विचारता, "माझं अक्षर बारीक आहे, बारीक टोकाची एफ निब चालेल का?" जपानी एफ (पायलट, सेलर, प्लॅटिनम) युरोपीय एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. विक्रेता एकाच कागदावर दोन्ही एफ शेजारी शेजारी लिहून फोटो पाठवतो. तुम्ही तो फोटो बघता आणि पैसे दुसरीकडे भरता. असे पुरेसे लोक भेटले की तो फोटो काढणं सोडून देतो. तुमचं काही बिघडत नाही, तुमच्यानंतर विचारणाऱ्याचं बिघडतं.

हिशेबनीस, शाईच्या बाबतीत तुम्ही जरा घाई केलीत. बाटली सारखीच, कबूल. पण हीच बाटली घ्यावी हे कशावरून ठरवलंत? छोटे विक्रेते दोन दोन मिलीच्या कुप्या भरून देतात. तेवढ्यात कन्व्हर्टर (पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी नळी) दोन-तीनदा भरतो आणि शाई वाळल्यावर कशी दिसते, कागदामागे फुटते का, पेनात अडते का, सगळं कळतं. हे काम पिपेट घेऊन, एकेका कुपीला चिठ्ठी चिकटवून हाताने करायचं असतं. कुपीत सुटणार ते किती? आवडली तर बाटली इथून घेतील, या आशेवर ते चालतं.

हिशेबनीस

ती त्याची विक्रीची रीत झाली, आणि रीत वाईट नाही. पण जोखीमही त्याचीच. मी कुपीचे पैसे मोजले, तिथे हिशेब मिटला. कुपी परवडत नसेल तर दर वाढवावा, मी वाढीव दरानेही घेईन. ग्राहकाच्या मनातल्या अपराधी भावनेवर धंदा उभा करणं मला पटत नाही.

निळाई

मी तर एकदम दुसऱ्या टोकाला आहे. मला या इमानाचा त्रास झालाय.

एक छोटं दुकान आहे, नाव घेत नाही. मर्यादित आवृत्तीचं पेन यायचं असलं की जुन्या गिऱ्हाइकांना आधी निरोप जातो. बाकीच्यांसाठी पान उघडतं तेव्हा 'संपले' लिहिलेलं असतं. ज्याने नाद आत्ताच सुरू केला त्याने करायचं काय? जुनं व्हायची वाट बघायची?

त्याच दुकानातून घेतलेल्या एका पेनाची निब कोरडी निघाली. दोन शब्द लिहिले की तिसरा अर्धा. मी ते उघडपणे लिहिलं, शिवीगाळ नाही, निबेचा फोटो आणि लिहिलेल्या ओळी टाकल्या. विक्रेता काही बोलला नाही, त्याची गिऱ्हाइकंच तुटून पडली. "खासगीत सांगायचं होतं." "एकटा माणूस आहे हो तो." "तुम्ही पेन धुतलं नसेल." पेन मी धुतलं होतं. विक्रेत्याने मुकाट्याने दुसरी निब पाठवली, ती उत्तम चालते. पण ते सगळं वाचल्यावर पुढचा कोण तोंड उघडेल?

दौत-लेखणी

निळाई, ती झुंड झाली. तिचा माझ्या म्हणण्याशी संबंध नाही. जुन्यांना आधी कळवणं मात्र मला गैर वाटत नाही. मर्यादित पेनं कुणीही विकेल. एरवी साध्या शाया आणि वह्या घेऊन दुकान ज्यांनी चालतं ठेवलं, त्यांना पहिला हक्क मिळाला तर बिघडलं काय?

निळाई

संबंध आहे. आज 'भाव शोधू नका', उद्या 'दोष काढू नका'. फार लांबचा रस्ता नाही हा. आणि पहिला हक्क द्यायचाच असेल तर तसं पानावर लिहा. आम्ही पान उघडून ताटकळत बसणार नाही.

रात्रपाळी

तिसरा रस्ता आहे, कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. भिंग घ्या, पितळी पत्रा घ्या आणि स्वतः शिका. स्वस्तातल्या स्टीलच्या निबांवर हात बसवला की मग कुठल्याच विक्रेत्याच्या उपकाराखाली राहावं लागत नाही.

तिरकी_निब

स्टीलच्या निबेपर्यंत ठीक. सोन्याच्या निबेवर शिकाऊ हात चालवू नका. पाकळ्या मऊ असतात, जोर जास्त झाला तर वाकतात. आणि टोक घासून उडवलंत तर ते पुन्हा बसवणारे कारागीर जगात मोजकेच आहेत.

पाठपोट

अशाच एका दुकानात मी काही काळ पॅकिंग आणि हिशेब दोन्ही सांभाळलंय, तेव्हा आतल्या बाजूने सांगतो.

एक मॉडेल घ्या. रंग सहा. निबेचे प्रकार पाच: ईएफ (अतिबारीक), एफ, एम (मध्यम), बी (जाड), स्टब (चपट्या टोकाची). प्रत्येकी एकच ठेवलं तरी तीस खोकी. खपतात काळ्या-निळ्यातली एफ आणि एम. बी आणि स्टब पडून राहतात. पण कुणाला हिरव्यात स्टब हवी झाली आणि नेमकी ती नसली, की 'छोट्या दुकानात काही मिळत नाही' हे ऐकायचं. पडून राहिलेलं खोकं म्हणजे अडकलेले पैसे, आणि पुढच्या महिन्याची शाई आणायची असते ती त्याच पैशांतून. ठरलेलं गिऱ्हाईक इथे कामाला येतं. ते दोन पैसे जास्त देतं म्हणून नव्हे, ते काय घेईल याचा अंदाज असतो म्हणून. वितरकाला ऑर्डर देताना आमचा मालक डोळ्यांसमोर माणसं आणून आकडे टाकायचा: हे स्टब घेतील, त्या बाई नवी हिरवी शाई सोडणार नाहीत.

आता परतीचं, कारण खरी भांडणं तिथे होतात. बहुतेक छोट्या दुकानांचा नियम असा की शाई भरलेलं पेन परत नाही. आणि शाई भरल्याशिवाय निब वाईट आहे हे कळत नाही! मोठ्या संकेतस्थळाला परत घेणं जड जात नाही. परत आलेलं पेन पुढे कुणाकडे जातं हे मात्र विचारू नका. 'नवीन' म्हणून आलेल्या पेनाच्या जिभेत (निबेखालचा, शाई निबेकडे नेणारा भाग) वाळलेली निळी शाई मी पाहिली आहे. छोट्याला ते पेन धुऊन, वापरलेलं आहे असं सांगून, कमी भावात काढावं लागतं. म्हणून आमचा मालक पाठवायच्या आधीच विचारत बसायचा: कागद कुठला, दाबून लिहिता का, डावखुरे आहात का. गिऱ्हाइकांना ते अगत्य वाटायचं. त्याला परतीचा खर्च वाचवायचा असायचा.

निळाई, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आम्हाला हवी असायची. एका खेपेतल्या निबा पुष्कळदा एकाच तऱ्हेने बिघडलेल्या असतात. एकाने कळवलं की उरलेली खोकी उघडून तपासता येतात. 'असू दे, बिचारा एकटा आहे' म्हणून गप्प बसणाऱ्या प्रेमळ माणसांमुळे तीच खेप आणखी चारजणांकडे जाते.

हिशेबनीस

हे पहिल्यांदा काहीतरी पटण्यासारखं वाचलं. पण मग एक सांगा. अंदाजासाठी गिऱ्हाईक हवं, तर त्याच्याकडून आगाऊ पैसे कशाला? प्री-ऑर्डर, गिफ्ट कार्ड, साठवलेले पॉइंट. एका माणसाचं दुकान. तो आजारी पडला, कंटाळला, कर्जात बुडाला, तर आपण देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी, हातात तारण काही नाही. जो जितका इमानी, त्याचे तितके जास्त पैसे अडकलेले. हे गणित कुणी करत नाही.

पाठपोट

देणेकरी नव्हे, येणेकरी. बाकी बरोबर आहे. पेन हातात आल्यावरच पैसे घेणारी दुकानं आहेत, आधी फक्त नाव नोंदवतात. तशीच बघा. गिफ्ट कार्ड आलं तर लगेच वापरून टाका.

बोरूबहाद्दर

ब्रँडला चिकटून राहणाऱ्यांना कुणी भाबडं म्हणत नाही, याची मला गंमत वाटते. लामी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या जर्मन म्हणून मिरवली, २०२४ मध्ये मित्सुबिशी पेन्सिल या जपानी कंपनीने विकत घेतली (युनि-बॉलवाले, मोटारवाल्यांशी यांचा संबंध नाही). तोमोए रिव्हर या शाईच्या पेनवाल्यांच्या आवडत्या जपानी कागदाचं तर आणखी मजेशीर. मूळ तोमोएगावा कंपनीने तो बनवणं थांबवलं आणि २०२१ मध्ये सान्झेन कंपनीकडे काम गेलं. नाव तेच राहिलं, पण जुना ५२ जीएसएमचा कागद ज्यांनी वापरलाय त्यांच्या हाताला आणि शाईच्या छटेला फरक कळतो.

एका मोठ्या संकेतस्थळावर मला दोन्ही वह्या एकाच पानावर, एकाच फोटोखाली दिसल्या. माझ्या विक्रेत्याने मात्र लिहून ठेवलं: ही जुन्या कागदाची, ही नव्याची, आणि खाली दोन्हींवर एकाच शाईने काढलेले फराटे. ते बघून मी जुन्याच्या वह्या घेतल्या, म्हणजे त्याच्याकडचा नवा माल माझ्यापुरता पडून राहिला. तरी त्याने लिहिलं. मी त्याच्याकडे जातो तो त्या चार ओळींसाठी. त्या बंद झाल्या तर मीही बंद.

कोरा कागद

ठीक. धरा की पुढचं पेन मी छोट्याकडून घेतो. तो निब खरंच तपासतो, की नुसतंच 'प्रत्येक पेन हाताने तपासलेले' असं छापतो, हे कसं ओळखू? छापतात तर सगळेच.

तिरकी_निब

घेण्याआधी सरळ लिहा: "पाठवायच्या आधी निब बुडवून लिहून बघता का? बघत असाल तर तो कागद सोबत टाका." जो खरंच तपासतो त्याला यात काही जड नाही. पेन आलं की लगेच शाई भरू नका. भिंगातून निब समोरून बघा, दोन्ही पाकळ्या एका पातळीत हव्यात. खालून बघा, जीभ निबेच्या मधोमध हवी. काही वाकडं वाटलं तर तसंच कोरं ठेवून फोटो पाठवा, म्हणजे शाईवाला नियम आडवा येत नाही.

पाठपोट

आणि बुडवून तपासलेल्या पेनाच्या जिभेत किंचित रंग राहू शकतो. तो बघून 'वापरलेलं पेन पाठवलं' अशी तक्रार करू नका. अशी पत्रं आम्हाला यायची.

हिशेबनीस

म्हणजे तुमची निळी शाई तपासणीची आणि मोठ्यांची निळी शाई उष्टी. सोयीचं आहे!

पाठपोट

फरक कळतो हो. तपासणीची शाई निबेच्या टोकापाशी, कन्व्हर्टर कोरा. वापरलेल्या पेनात कन्व्हर्टरच्या तळाशीही ओघळ असतो. काढून बघा.

हिशेबनीस

पिस्टनच्या पेनात शाई थेट पोटात ओढली जाते, त्याला कन्व्हर्टरच नसतो. तिथे काय काढू?

पाठपोट

शाईच्या खिडकीतून आत बघा, टाकी स्वच्छ हवी. पण काही कारखाने स्वतःच पेन लिहून तपासतात, तेव्हा थोडा रंग दिसला तर आधी विक्रेत्याला विचारा, मग भांडा.