मदत हवी आहे: पावसाच्या थ्रीडी ॲरेवर फंक्शन चालेना

माणदेशी_पोर: अर्जंट आहे, उद्या सकाळी गाईडना दाखवायचंय. हवामान खात्याचा पाव अंशाच्या ग्रिडचा पाऊस घेतलाय, १९९१ ते २०२०, दरवर्षीची जून ते सप्टेंबर बेरीज, सातारा सांगली धरून चौकोन कापलाय, ॲरे ३०×७×१२ (वर्षं×अक्षांश×रेखांश). प्रत्येक घराचा, म्हणजे ग्रिडच्या एकेका चौकटीचा, ट्रेंड पाहिजे. फंक्शन एका घरावर नीट चालतं पण पायथॉनच्या नमपाय लायब्ररीतल्या अप्लाय अलाँग ॲक्सिसमध्ये (ते एका अक्षावरून प्रत्येक घराला फंक्शन लावतं) टाकलं की व्हॅल्यू एरर, इनहोमोजीनियस शेप, म्हणजे आकार जुळत नाहीत. दुपारपासून अडकलोय.

हळदपेठ: फंक्शन परत काय देतं ते सांग की आधी. ॲक्सिस कुठला दिलायस?

माणदेशी_पोर: शून्य, वर्षं पहिल्या अक्षावर आहेत. ट्रेंडचा उतार आणि पी व्हॅल्यू (ट्रेंड कितपत भरवशाचा ते सांगणारा आकडा) देतं.

हळदपेठ: दोनच आकडे असते तर २×७×१२ गुमान आलं असतं. अजून कायतरी परत करतोयस.

माणदेशी_पोर: हो, रेसिड्युअल पण, म्हणजे दर वर्षीचा पाऊस ट्रेंडच्या रेघेपासून किती हटला ते, ३० आकडे. सांगायचं राहिलं.

घाटमाथा: ८४ घरं तर आहेत भावा, तीन रिकामे ॲरे करून ठेव आणि दोन फॉर लूप मार, चहा व्हायच्या आत काम होतंय.

ढग_आणि_डेटा: एक्सॲरे लायब्ररी घ्या. तिच्या अप्लाय यूफंकमध्ये इनपुट कोअर डिम (फंक्शनला लागणारा अक्ष) वर्ष, आउटपुट कोअर डिममध्ये तीन याद्या, पहिल्या दोन रिकाम्या, तिसरीत वर्ष, व्हेक्टराइज ट्रू. तीन वेगळे ॲरे मिळतात, फक्त तिसऱ्यात वर्ष शेवटच्या अक्षावर जातं तेवढं ट्रान्सपोज करा.

घाटमाथा: व्हेक्टराइज ट्रू म्हणजे आत लूपच फिरतो की, वेग काय वाढत नाही.

ढग_आणि_डेटा: वेगासाठी नाही सांगत, अक्ष नावानं धरले की वर्षाच्या जागी अक्षांश जात नाही. माझे दोन महिने त्यात गेलेत.

तासगाव_बागायतदार: जून ते सप्टेंबरच का घेतलं? आमच्याकडं ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाल्यावर पोंग्यात (कोवळी फूट निघताना) पाऊस लागला की डाउनी, म्हणजे बुरशीचा रोग, येतो, बाग जाते. ऑक्टोबर पण काढा.

एक्सेलवाला: जिल्ह्याची सरासरी काढा, एकच रेघ येईल.

माणदेशी_पोर: सर, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि आमच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास, सरासरी काढली तर माण तालुका दिसणारच नाही, आणि मला तोच बघायचाय. दादा, ऑक्टोबर यानंतर नक्की घेतो. अजून एक, डाव्या बाजूच्या घरांत पाऊस -१,२१,८७८ येतोय, तो कशामुळं?

हळदपेठ: तो समुद्र हाय. डेटा नसला की तिथं -९९९ भरलेलं असतं, तुझे १२२ दिवस, गुणून बघ. बेरजेच्या आधी -९९९ चं नॅन (आकडा नाही अशी खूण) कर, आणि नॅनसम वापरू नको, ते नॅनला शून्य धरतं, समुद्र शून्य पावसाचा दिसंल. एररचं म्हणशील तर फंक्शनच्या शेवटी उतार, पी आणि रेसिड्युअल कॉनकॅटनेट करून, म्हणजे एकामागं एक जोडून, ३२ आकड्यांचा एकच ॲरे परत कर. ३२×७×१२ येईल, शून्यावर उतार, एकवर पी, दोनपासून पुढं रेसिड्युअल.

माणदेशी_पोर: आलं! ३२×७×१२, समुद्र पण कोरा झाला. पण नकाशात महाबळेश्वर सांगलीच्या खाली दिसतंय.

ढग_आणि_डेटा: त्या डेटात अक्षांश दक्षिणेकडून सुरू होतात आणि चित्र काढणारं इमशो पहिली ओळ वर काढतं. ओरिजिन लोअर द्या.

माणदेशी_पोर: बसलं. प्रिंट काढायला चाललोय.