मदत हवी आहे : क्योतो ॲनिमेशनमध्ये कामाची साखळी कशी चालते?

नमस्कार मंडळी. माझी भाची ॲनिमेशन शिकतेय आणि तिला जपानी स्टुडिओंच्या कामाबद्दल प्रकल्प करायचाय. आम्ही दोघींनी क्योतो ॲनिमेशन निवडलं. १९८१ मध्ये योको हत्ता यांनी रंगभरणीच्या कामापासून सुरुवात केलेली ही कंपनी, तीही तोक्योपासून लांब, क्योतोजवळच्या उजी शहरात.

तोक्योकडची पद्धत साधारण कळली. पैसा निर्मिती समिती, म्हणजे अनेक कंपन्यांचा गट, घालते, आणि पुष्कळ चित्रकार फ्रीलान्स असतात. मुख्य चित्रांचे (हालचालीतले महत्त्वाचे टप्पे) पैसे कटमागे, म्हणजे एकेका शॉटमागे, आणि त्या टप्प्यांना जोडणाऱ्या मधल्या चित्रांचे कागदामागे. प्रत्येक कटचं एक मोठं पाकीट असतं, त्यावर क्रमांक. आत तीन भोकांचे कागद, सावलीच्या कडा रंगीत पेन्सिलीने आखलेल्या, वर चित्र-दिग्दर्शकाने दुरुस्त केलेला कागद. ही पाकिटं चित्रकारांच्या घरून गोळा करत रात्री-अपरात्री गाडी हाकणारा निर्मिती सहायक! त्या बिचाऱ्यांचं मला फार वाटतं.

क्योतोत मात्र चित्रकार पगारी आणि बहुतेक काम एकाच छताखाली. मग तिथे निर्मिती सहायकाचं काम काय उरतं? मधली चित्रं काढणाऱ्याला मुख्य चित्रांकडे बढती कोण देतं? आणि याच स्टुडिओतल्या २०१९ च्या आगीत ३६ माणसं गेली, त्यानंतर नव्यांना शिकवण्याची घडी कशी बसवली?

कुणी जपानात या क्षेत्रात असेल किंवा जपानी वाचणारं असेल, तर कृपया सविस्तर लिहा. शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा आहे.