सिंधुदुर्ग : माणसे कमी झाली, वाड्या तितक्याच; ग्रामपंचायतीचे गणित कशावर बसवायचे?

कातळवाट (प्रश्न)

मालवण तालुक्यातील आमच्या गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्यास मी मदत करीत आहे. २००१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या पंधराशेच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती चौदाशेच्याही खाली आली आणि पुढच्या निवडणुकीत सदस्य नवाचे सात झाले. वाड्या मात्र नऊच्या नऊ आहेत, आणि त्यांना जोडणारे साकव (ओढ्यांवरचे छोटे पूल), पाणंदी, विहिरी यांपैकी काहीही कमी झालेले नाही. सदस्यसंख्या आणि निधी केवळ डोकी मोजूनच ठरतात का? आणि वर्षातले अकरा महिने कुलूप असलेली घरे या हिशेबात कुठे बसतात?

सडा आणि मळा (उत्तर)

तुमच्या गावात घडले ते जिल्ह्याच्याच आकड्यांचे लहान रूप आहे. २००१ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. त्या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. घट झाली ती केवळ सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर या तीन जिल्ह्यांत. शेवटच्या नावाचा पहिल्या दोहोंशी असलेला गिरणगावचा संबंध येथे कुणाला सांगायला नको. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हा आकडाही घरातला कर्ता पुरुष कुठे असतो तेच सांगतो.

आता कायद्याविषयी. ग्रामपंचायतीत किमान सात आणि कमाल सतरा सदस्य असतात. दीड हजारापर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, असे टप्पे आहेत. नऊ सदस्य असताना तीन प्रभागांतून तीन-तीन जण येत असतील. आता दोन, दोन आणि तीन येत असतील. म्हणजे प्रभाग गेला नाही, पण एका प्रभागात तीन-चार वाड्या आणि सदस्य दोन, त्यामुळे एखादी कडेची वाडी कायमची बिनआवाजाची राहते.

जिल्हा परिषदेला मात्र लोकसंख्येच्या खाली एक आधार आहे. १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदेचे सदस्य पन्नासाहून कमी नसावेत असे ठरवले, त्यामुळे येथे ५० गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि आठ पंचायत समित्यांचे मिळून १०० गण (पंचायत समितीचे मतदारसंघ) राहिले. एका गटामागे ग्रामीण लोकसंख्या सुमारे पंधरा हजार पडते. मोठ्या जिल्ह्यांत हाच आकडा कितीतरी अधिक असतो. प्रतिनिधित्वाला असा तळ आहे, पैशाला नाही. चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगांनी स्थानिक संस्थांचा निधी राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिले, आणि हाच कल खालपर्यंत झिरपतो.

वायंगणी

मी ग्रामसेवक म्हणून याच जिल्ह्यात निवृत्त झालो. डोकी मोजण्यात चूक नाही, चूक आहे ती गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती असे गृहीत धरण्यात. देशावर एक टाकी आणि दोन गल्ल्या झाल्या की निम्मे गाव उरकते. आपल्याकडे एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि तिसरी व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे) असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, त्यामुळे वैशाखात सड्यावरच्या विहिरीत घागर तळाला खडखडते.

माझ्या अखेरच्या गावात शेवटच्या वाडीतील अकरा घरांसाठी दीड किलोमीटर पाइप टाकला होता. त्या अकरांपैकी सहा घरांना कुलूप होते. पाणीपट्टी पाच घरांची येई आणि पंपाचे वीजबिल मात्र पूर्ण चढावाचे येई. ही तफावत कोणत्याही रकान्यात भरता येत नसे. सगळीकडे असेच आहे असेही नाही. देवबागमध्ये कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर घराला घर लागून आहे, आणि तिथला प्रश्न अंतराचा नसून किनाऱ्याच्या धुपीचा आहे.

डोंबिवलीकर चाकरमानी

कुलूपबंद घरांपैकी एक आमचे आहे, म्हणून लिहितो. जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, त्यामुळे आम्ही डोंबिवलीत मोजले जातो आणि ते योग्यच आहे. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, म्हणजे शिमग्याच्या तीन आठवडे आधी. पण आम्ही त्या दिवशी गावी असतो तरी फरक पडला नसता. घर मात्र घरयादीत येते आणि घरपट्टीतही येते. सप्टेंबरअखेर भरणा केल्यास पाच टक्के सूट मिळते, म्हणून आमच्याकडे शिपाई चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन ओटीवर हजर असतो, आणि करंजी खाऊन, पावती फाडूनच उठतो.

अडचण पाण्याची आहे. नळयोजना माणशी ५५ लिटरने आखतात आणि माणसे म्हणजे कायमचे रहिवासी. गणपतीत एकेका घरात पंधरा माणसे उतरतात तेव्हा तिसऱ्या दिवशी नळ कोरडा पडतो आणि दोष सरपंचांवर येतो.

कातळवाट

सर्वांचा आभारी आहे. लोकसंख्येचा रकाना बदलणे आमच्या हाती नाही, परंतु आराखड्याच्या सुरुवातीला वाडीनिहाय तक्ता जोडता येईल : उघडी घरे, कुलूपबंद घरे, मुख्य रस्त्यापासूनचे अंतर आणि एप्रिलअखेर विहिरीतील पाणी. वायंगणी, पंपाच्या वीजबिलाची पाणीपट्टीशी तुलना आपण वाडीनिहाय कशी काढत होता, तेवढे कृपया कळवावे. आमच्याकडे मीटर एकच आहे.

वायंगणी

मीटर एकच असला तरी पंप चालवणाऱ्याकडे वही असते. कोणत्या वाडीची झडप किती वाजता उघडली आणि किती वाजता बंद केली, हे त्याला तीन महिने लिहायला सांगा आणि बिल त्या तासांच्या प्रमाणात वाटा. पावसाळ्याचे महिने धरू नका. तेव्हा लोक विहिरीचेच पाणी वापरतात.