प्रयोग फसला म्हणता, मग खेळताना तो कळत का नाही?

रात्रपाळी
गेममधल्या फसलेल्या प्रयोगांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. ओस पडलेली प्रयोगशाळा, फुटलेल्या काचा, 'आमच्या हातून भलतंच काही तयार झालं' असं सांगणारी डायरी. इथवर झकास. मग ती भलती गोष्ट आपल्या हाती लागते आणि निघते अख्ख्या गेममधली सगळ्यात भारी! मग फसलं काय?

म्यूटू घ्या. 1996 च्या पहिल्या पोकेमॉनमध्ये, म्हणजे प्राणी पकडून लढवायच्या गेममध्ये, सिनाबार बेटावरच्या पडक्या वाड्यात संशोधकांच्या नोंदी सापडतात. म्यू नावाच्या पोकेमॉनला पिल्लू झालं, नाव म्यूटू ठेवलं आणि शेवटी कबुली, की त्याचा हिंस्रपणा काही आवरला नाही. पुढे सेरुलियनच्या गुहेत तो लेव्हल 70 ला उभा असतो. मास्टर बॉल, म्हणजे हमखास पकडणारा चेंडू, फेकला, विषय संपला. जो कोणालाच आवरला नाही, तो पुढच्याच लढाईत तुमचं निमूट ऐकतो. वर स्पेशल (खास हल्ला-बचावाचा आकडा) 154, तेव्हाच्या 151 जणांत सर्वांत जास्त. दोष शोधून दाखवा.

उलट 2016 च्या 'सन' आणि 'मून'मधला टाइप: नल बघा. अल्ट्रा बीस्ट नावाच्या परक्या जगातल्या प्राण्यांशी लढायला बनवला, ताबा सुटला म्हणून डोक्यावर जड मुखवटा चढवून गोठवून ठेवला. त्याचे आकडे: सगळे 95, फक्त स्पीड 59. जीव लावून वाढवला की तो मुखवटा फोडून सिल्व्हॅली होतो. बाकी एकही आकडा हलत नाही, स्पीड तेवढा 95 होतो. मुखवट्याचं ओझं खेळताना जाणवतं. असं हवं.

भागो_मोहन
म्यूटू लेचापेचा निघाला, असं त्या डायरीत कुठे लिहिलंय? तो झेपण्यापलीकडचा निघाला, हेच तर त्यांचं अपयश. त्याला मुद्दाम लंगडा करून दिला असता तर ती डायरीच खोटी पडली असती. तुला तक्रार करायचीच असेल तर मास्टर बॉल बनवणाऱ्या सिल्फ कंपनीची कर, म्यूटूवर कशाला घसरतोस?

आणि तुझा लाडका नल. त्याला एव्हिओलाइट दे, म्हणजे पुढचं रूप अजून न घेतलेल्या पोकेमॉनला बळ देणारी वस्तू, डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दोन्ही दीडपट. ट्रिक रूम ही चाल लाव, मंद असणाराच आधी मारतो. झाला दोषाचा फायदा. मग कोण कशाला मुखवटा फोडतंय?

चहा_कमी_साखर
पहिल्या जनरेशनमधला खरा फसलेला प्रयोग प्रोग्रॅमिंगचा होता. सायकिक प्रकारावर, म्हणजे म्यूटूच्या प्रकारावर, घोस्ट प्रकार भारी पडतो असं गेममधलीच माणसं सांगायची, आणि कोडात परिणाम शून्य! म्यूटू एवढा माजला त्यात याचाही हात आहे.

घाटावरची
दोघंही आकड्यांत अडकलात. बिघडलेली वस्तू कशी वापरावी हे 2011 च्या पोर्टल 2 या कोड्यांच्या गेमकडून शिकावं.

तिथे टरेट, म्हणजे स्वतःहून गोळ्या झाडणारी बोलकी यंत्रं, बनवायचा कारखाना आहे. प्रत्येक नवा टरेट एका नमुन्याशी ताडून बघतात. जुळला तर पुढे, नाही तर भंगारात. तुम्ही तो नमुना उचलायचा आणि त्या जागी भंगारातला एक टरेट ठेवायचा, कवच नसलेला, गोळ्या नसलेला, तरी तोंडाची टकळी चालूच. नवा नमुना मंजूर! त्या क्षणापासून धडधाकट टरेट भंगारात जातात आणि बाद मालाला पास मिळतो. पुढे ग्लाडॉस, तिथली खलनायिका संगणक, तुम्हाला संपवायला ऐटीत टरेट बोलावते, तेव्हा हीच बाद पलटण हजर होते. नुसती खटखट. मला ग्लाडॉसची कीव आली होती, खरंच!

आणि पांढरं जेल? तिथल्या कंपनीचा मालक केव्ह जॉन्सन याने सात कोटी डॉलरचे चंद्रावरचे दगड घेतले, दळले, जेल बनवलं. ती पूड विषारी, त्यातच तो मरणपंथाला लागला. पण जिथे ते जेल उडतं तिथे पोर्टल, म्हणजे दुसरीकडे निघणारं दार, उघडता येतं. एकाच गोष्टीने मालक मारला आणि तुम्हाला वाट दिली. यात एक तरी आकडा दिसतो का?

रात्रपाळी
सीन भारी आहे, वाद नाही. पण तो दोष भोवला ग्लाडॉसला, मला नाही. जेलचं विषही केव्हनेच खाल्लं. मी त्यात तासभर उड्या मारल्या, साधा खोकला आला नाही.

घाटावरची
मग तुला गेम हवाय की शिक्षा?

पॅराशूट_आधी
रॉकेट जोडून उडवायच्या कर्बल स्पेस प्रोग्रॅम या गेमचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? तिथे दोष कोणी लिहून देत नाही, तो आपण जोडतो. कोपऱ्यात टप्प्यांची यादी असते. इंजिन आणि पॅराशूट चुकून एकाच टप्प्यात राहिलं की स्पेसबार दाबताच दोन्ही एकदम सुटतात. बिचारा कर्बल, म्हणजे आपला अंतराळवीर, आत बसलेला. याहून सच्चा सदोष प्रयोग कुठल्या डायरीत मिळणार?

भागो_मोहन
तो प्रयोग नव्हे, तुझी घाई. टप्पे नीट लावले की तेच यान सरळ वर जातं. त्या म्यूटूवाल्यांकडे असं काही दुरुस्त करायला होतं का?

रात्रपाळी
इथे मात्र मी पॅराशूटच्या बाजूने. निदान फटका खेळणाऱ्यालाच बसतो. आणि भागो, ते एव्हिओलाइट तू बाहेरून आणून लावलंस. नुसता नल घेऊन लढ, मग बोलू. जाता जाता पोरिगॉन-झेड या पोकेमॉनचंही सांग. संशयास्पद डिस्क घालून ज्याचं डोकं फिरलं म्हणतात, त्याचा स्पेशल अटॅक 105 वरून 135 झाला, स्पीड 60 वरून 90.

भागो_मोहन
आणि डिफेन्स 90 वरून 70, तो कोण सांगणार? फटका हवा होता ना तुला? घे, एका फाइटिंग मूव्हमध्ये आडवा होतो.