हीटर रॉड १५०० वॅटचा, पण पाणी तापत नाही. हिशेब कसा करायचा?

मीटरवाला_नवा:
बादलीत टाकायचा रॉड आहे. त्यावर २३० व्होल्ट, १५०० वॅट छापलंय. रॉड बंद असताना सॉकेटवर २२४ व्होल्ट, चालू केला की १८२. क्लॅम्प मीटरवर ५.१ अँपिअर. थंड रॉड मल्टीमीटरवर ३५ ओहम दाखवतो. रॉड गेलाय का?

ओहमकर:
रॉड ठणठणीत आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो: १८२ ÷ ५.१ = ३५.७ ओहम. छापील आकड्यांवरून, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: २३० × २३० ÷ १५०० = ३५.३. एवढा फरक मीटरचाच असतो.

शक्ती मात्र १८२ × ५.१ = ९२८ वॅट. व्होल्टेज छापील आकड्याच्या २१ टक्के खाली आहे, पण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ३८ टक्के गेली. २० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे २१०० किलोज्यूल लागतात. १५०० वॅटला ते २३ मिनिटांचं काम, ९२८ ला ३८ मिनिटांचं. बादलीतून हवेत जाणारी उष्णता वेगळीच.

फेज_न्यूट्रल:
रॉड लावला की २२४ चे १८२ होतात, मला रॉडपेक्षा त्या पडणाऱ्या ४२ व्होल्टची काळजी वाटते. ४२ ÷ ५.१ म्हणजे वाटेत ८.२ ओहम आहेत, आणि ४२ × ५.१ = २१४ वॅट तिथेच जळताहेत. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. सॉकेट मेन स्विचपासून ३० मीटरवर धरलं तरी जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७३ ओहम. चार व्होल्टसुद्धा पडायला नकोत.

मिनिटभर रॉड लावून मेन स्विचवर व्होल्टेज बघा. तिथेही १८२ च्या आसपास असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये, वीज कंपनीला कळवा. तिथे नीट असेल तर घरात कुठेतरी सांधा सैल आहे.

मीटरवाला_नवा:
मेनवर रॉड चालू असताना २२१ आहेत. अजून एक: १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मीटरवर ४० ओहम दाखवतो, सूत्राने ५२९ येतात. खरं कुठलं?

ओहमकर:
दोन्ही. टंगस्टनची तार पेटली की तिचा रोध दहा-पंधरा पट होतो. रॉडमधल्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या) तारेचा काही टक्केच वाढतो, म्हणून तो थंड मोजला तरी चालतो. पंखा किंवा पंपाला हे गणित लावू नका. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात. वॅट हवे असतील तर पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरी शक्ती आहे त्या आकड्याने, गुणावं लागतं.

फेज_न्यूट्रल:
म्हणजे ३९ व्होल्ट घरातच पडताहेत, जवळजवळ २०० वॅट. एका सैल सांध्यावर एवढी उष्णता आग लावू शकते. दुरुस्ती होईपर्यंत ते सॉकेट वापरूच नका. मेन बंद करा, मीटरने खात्री करा, मगच सॉकेट, स्विच आणि जंक्शन बॉक्स उघडा. न्यूट्रलचे सांधेही तपासा, ते हमखास राहून जातात. इन्सुलेशन वितळलेलं किंवा तांबं काळं पडलेलं दिसलं तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. तेवढा तुकडा कापून नवं टोक सोलून बसवा, सैल झालेलं सॉकेट बदला. आणि ते सॉकेट ६ अँपिअरचं असेल तर बदलताना १६ चं घ्या, कारण पूर्ण व्होल्टेज मिळालं की हा रॉड ६.५ अँपिअर ओढणार आहे.