विटांवरची अक्षरं आणि घराचे मालक

कुणीतरी म्हटलंय, सोलापूरच्या साखर पेठेतलं ते विटांचं घर कापड मिलच्या साहेबाचंच असणार, कारण विटांवर इंग्रजी अक्षरं आहेत. अहो, ती अक्षरं बहुधा भट्टीवाल्याची, मालकाची नव्हेत! जुनी मिल १८७७ची, पण म्हणून गावातली प्रत्येक वीट साहेबाची होत नाही.

त्याच पेठेत आमच्या आजोबांचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर होतं. दर्शनी भिंत विटांची, मागच्या सगळ्या मातीच्या; पैसे तिथवरच पुरले असावेत. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक चौकोनी खड्डा होता, लहानपणी आम्ही त्यात लपायचो. तो खड्डामागाचा, म्हणजे खड्ड्यावर बसवलेल्या हातमागाचा, विणकराला पाय सोडून बसायला, हे फार उशिरा कळलं. म्हणजे आमच्याआधी तिथं माग चालायचा.

वारद घराण्याचं निवासस्थान इंद्रभुवन महापालिकेकडे गेलं, त्यामुळं त्याचा इतिहास सगळ्यांना पाठ. पेठेतल्या घरांसाठी मात्र कागदच धुंडाळावे लागतात. आधी सिटी सर्व्हेचं, म्हणजे नगर भूमापन कार्यालयाचं, मालमत्ता पत्रक काढा. मग जुनं खरेदीखत. ते मोडी लिपीत असलं तर वाचणारा गाठा आणि चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, नीट वाचून घ्या. आमच्या खतात पूर्वेला कोष्ट्याचं घर लिहिलंय, तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे.