सातव्या महिन्यातील बाळ आणि तिसरीतला ‘हट्ट’

२८व्या आठवड्यात जन्मलेला आपला मुलगा तिसरीत पटकन गांगरतो आणि घरचे त्याला हट्टी म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मला हा हट्ट वाटत नाही. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्त तपासणीसाठी वारंवार सुई टोचावी लागते, आणि कॅनडातील व्हँकूवर येथील संशोधक रूथ ग्रुनाऊ व सहकाऱ्यांना अशा वेदनांचा शालेय वयातील कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाशी संबंध आढळला आहे. लातूरला अशीच जन्मलेली माझी भाची आता आठ वर्षांची आहे; तिच्या टाचांवरचे पांढुरके ठिपके अजून दिसतात, आणि शाळेची घंटा झाली की ती कान झाकते. गुरुजींना जन्माची हकिकत अवश्य सांगावी, आमच्याकडे तेवढ्यानेही गुरुजींचे भाचीवर रागावणे थांबले.